रिकाम्या खिडकीची पेटी

१

चिमाबाईंनी पदराखालून पेटी काढली आणि माझ्या काउंटरवर ठेवली. "ह्यातला डिसप्ले कोनी चोरला तेवढं सांगा ताई. दुसरं काय नको मला."

पेटी ओळखायला मला वेळ लागला नाही. माझ्याच दुकानातली. काळ्या प्लॅस्टिकची, साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा घेतील तेवढी. ती नेणारा रत्नदीप, चिमाबाईंचा एकुलता एक मुलगा. तीन आठवड्यांपूर्वी खर्डीच्या पुढच्या वळणावर तो गाडीखाली गेला. तेवीस वर्षांचा होता. पोलिसांच्या कागदावर अपघात लिहिलं, पण लोकांची तोंडं कोण धरणार? सगळीकडे एकच: पोरानं जीव दिला.

शहापूरला एसटी स्टँडच्या मागं माझं इलेक्ट्रॉनिकच्या सुट्या मालाचं दुकान. नवऱ्यानं काढलं, तो गेला तेव्हापासून, म्हणजे चौऱ्याण्णवपासून, मी चालवते. टीव्हीवाले मेकॅनिक येतात, पण माझं डोकं खातात ती हौशी पोरं. मशीन काय करणार ते ठरलेलं नसतं, आकडे लाल हवेत की हिरवे यावर मात्र तासभर काथ्याकूट! मग मी खवळते. माझे दोनच प्रश्न ठरलेले आहेत. बघणार कोण? आणि हात कोणाचा लागणार? उत्तर नसेल तर माल परत कपाटात. शेजारचा चहावाला म्हणतो, वंदनाताई गिऱ्हाईक करत नाहीत, परीक्षा घेतात. घेते तर घेते.

रत्नदीप या परीक्षेत नेहमी पास व्हायचा. शेवटच्या वर्षात मात्र त्याची नुसती धरसोड. पावसाळ्यात सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी नेला. गणपतीत परत आणला: "मावशी, अक्षरं बारीक पडतात." मग बोटभर उंचीचे लाल आकडे नेले. दिवाळी झाली, तेही परत. मी म्हटलं, "अरे, पोरगी बघताना तरी अशी धरसोड करू नको!" तो हसला. जानेवारीत आला तो जुन्या पेजरमधली थरथरणारी मोटर मागायला. "आणि डिस्प्ले? बघणार कोण ते ठरलं का?" तर म्हणाला, "मावशी, आता हाताचंच बघू." ती आमची शेवटची भेट.

"पेटी कुठं सापडली?" मी विचारलं.

"कणगीत. भात काढाया हात घातला तर हाताला लागली. कोनीतरी दडवलीय." चिमाबाईंनी रिकाम्या खिडकीवर बोट ठेवलं. "त्याचा दोस्त आदेश बोलला, हितं डिसप्ले असतो, त्याच्यावर अक्षरं उमटतात. माज्या पोरानं जाताना कायतरी लिवलं असंल. कोनीतरी वाचलं आन् काढून घेतलं. मला वाचता येत नाय. तुमी शोधा आन् वाचून दावा."

माझ्या तोंडावर आलं होतं, अहो बाई, डिस्प्ले म्हणजे काय पाटी आहे? वीज गेली की अक्षर गेलं! पण बोलले नाही.

"आणि बुधाजीभाऊ काय म्हणतात?"

"ह्ये? ह्ये बोलतच नाय. रोज ड्युटीवर जातात आन् येतात. माज्यावर तर दिवाळीपासूनच राग. सकाळी फाटकावर भाकर घेऊन मी उभी रायते, तर दोनदा माज्यासमोरून तसेच पुढं गेले. वळूनसुदिक बगितलं नाय." त्यांनी डोळे पुसले. "लोक त्या पल्लवीला शिव्या देतात. तिनं लगीन मोडलं म्हनून पोरानं जीव दिला म्हनतात. ताई, त्यानं आपल्या मनानं दिला का, येवढं कळू द्या. घास उतरत नाय मला."

२

चार स्क्रू काढून मी पेटी उघडली आणि पहिल्याच नजरेत चमकले.

डिस्प्ले बसवायचा तर बोर्डावर सोळा भोकांत सोळा तारा सोल्डरनं डकवाव्या लागतात. नंतर काढला तरी सोल्डरचे डाग राहतात. इथं सोळाच्या सोळा भोकं कोरी होती. म्हणजे डिस्प्ले कोणी चोरला नव्हता. तो कधी लावलाच नव्हता.

मग खिडकी कशाला कापली? तिच्या आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. चिमाबाईंना वाटलं, मोडतोड लपवायला. मी अंगठा ठेवला. ट्यूबच्या मागे, अगदी टेकून, ती पेजरची मोटर होती. ही बघायची खिडकी नव्हतीच. अंगठ्याची होती.

उजवीकडे एक मोठं बटण, रेडिओचं असतं तसं फिरवायचं. फिरवलं की खटका लागतो, आणि शून्याच्या जागी कानशीनं खाच पाडलेली. दाबायची छोटी बटणं नाहीत, पत्र्याचा कीपॅड नाही. मागं पट्ट्यात अडकवायचा चाप, तोही डाव्या कमरेला बसेल असा. आणि बझर नाही! दहा रुपयांचा बझर, कुठलंही पोर आधी तोच लावतं. यानं जागा सोडूनही लावला नव्हता.

आतला नाण्याएवढा सेल घड्याळ चालू ठेवत होता. मी मोटरची बॅटरी बदलली आणि पेटी घरी नेऊन ओट्यावर ठेवली.

सकाळी चहाचं आधण ठेवत होते. सहा वाजून सात मिनिटांनी पेटी थरथरली. मग सहा पस्तीसला. मग सहा पन्नासला. मी चहा विसरले आणि कॅलेंडरच्या मागे वेळा लिहीत बसले. शेवटची थरथर नऊ वाजून दहा मिनिटांनी. त्यानंतर दिवसभर गप्प.

दुकानात भिंतीवर गाड्यांचं टाइमटेबल आहे. त्याच्याशी वेळा लावून बघितल्या आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून ताडल्या. सकाळी सहा ते नऊमध्ये खर्डीवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बरोबर पाच मिनिटं आधी पेटी थरथरत होती. फक्त त्या नऊ दहाला कुठलीच गाडी नव्हती.

गाडीखाली गेलेला मुलगा, आणि त्याच्या पेटीत गाड्यांच्याच वेळा. चिमाबाईंना हे काय तोंडानं सांगू?

३

आदेश रत्नदीपचा आयटीआयमधला दोस्त, खर्डीचाच, शेतकऱ्याघरचा. मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. मी शहापूरहून जीपनं मुरबाड गाठलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला गेटवर पकडलं.

"डिस्प्लेवर चिठ्ठी असते म्हणून त्या माउलीला सांगितलंस तू? आयटीआयला काय शिकलास रे?"

तो कावराबावरा झाला. "काकी लय रडत होती मावशी. म्हटलं, कायतरी आशा लागू दे."

"आशा! तिनं आता चोर शोधायला घेतलाय. काय लपवतोयस?"

"मी काय चोर हाय का?"

"चोर नाहीस. पण तुझी नजर खाली आहे."

तो डब्याच्या कडीशी चाळा करायला लागला. मग म्हणाला, "मी त्याला बघितला होता. त्याच सकाळी. मी सहा बाराची लोकल पकडायला आलेलो, तो फलाटाच्या टोकाला उभा होता. ही पेटी हातात. मी विचारलं, काय रे, पळायला नाय गेलास? पोलीस भरतीसाठी पळायला जातो असं घरी सांगायचा ना तो. तर हसत बोलला, 'आज ट्रायल हाय. संध्याकाळी ये, पार्टी देतो.'"

"आणि हे तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"घरचे बोलले, पंचनाम्यात नाव नको. साक्षीला कोन फिरनार?" त्यानं डबा खाली ठेवला. "पार्टी देतो बोलला मावशी. मरायला निघालेला मानूस पार्टी देतो का?"

मी त्याला ओरडायला आले होते, आणि पाठीवर हात ठेवून निघाले. पण रस्ता ओलांडताना एक गोष्ट टोचायला लागली. सहाला पेटी रत्नदीपच्या हातात होती. अपघात पावणेसातचा. त्याचं घड्याळ फुटलं, मोबाइलचा चुरा झाला. पेटीवर मात्र साधा ओरखडा नव्हता. म्हणजे मधल्या पाऊण तासात त्यानं ती कोणाला तरी दिली होती.

त्या वळणावर, त्या वेळी, दुसरंही कोणी होतं.

४

पल्लवीचं घर मुरबाडातच. तिच्या आईनं दार अर्धंच उघडलं. "अजून काय बोलायचं राह्यलंय लोकांचं?"

"मी बोलायला नाही, ऐकायला आलेय," मी म्हटलं. तेव्हा आत घेतलं.

पल्लवी खिडकीपाशी बसली होती. विशीची पोर, पण तीन आठवड्यांत चेहरा पार उतरलेला. बाजारात जाणं तिनं सोडलं होतं. बायका बोट दाखवतात म्हणे.

"मी नाय मोडलं," ती म्हणाली. "त्यानं वर्षभर थांबा म्हणून सांगितलं. बाबा चिडले, ते बोलले मोडा. आमचं दोघांचं ठरलेलं होतं थांबायचं."

"वर्षभर कशाला?"

"नीट सांगितलं नाय. एवढंच बोलला, 'माझे सकाळचे तीन तास दुसऱ्याचे आहेत. ते मोकळे झाले की लग्न.' मी रागावले पण. दुसरी कोन हाय का, असं विचारलं." तिनं ओठ चावला. "त्यानंतरच्या रविवारी आमी म्हशाच्या जत्रेला गेलो. त्यानं त्याच्या बाबांसाठी घोंगडी घेतली. मग ती पेटी काढली आणि मला बोलला, डोळे मीट. एवढ्या गर्दीत! मी मिटले. तर बोलतो, बटण फिरव, किती खटके झाले ते सांग. गाडी लेट असली तर तेवढे खटके पुढं फिरवायचे. मी चुकले की पुन्हा. मग माझ्या हाताला बैलाची घंटा दिली, जड, आणि बोलला, आता डाव्या हातानं."

"घंटा उजव्या हातात?"

"हो. लोक बघत होते, मला हसू येत होतं." आणि ती रडायला लागली. "मावशी, माझ्यामुळं नाय ना गेला तो?"

मी तिला जवळ घेतलं. आमच्याकडच्या लोकांना मेलेल्या पोराचं दुःख वाटतं, पण जित्या पोरीला दोष देताना कोणाची जीभ अडखळत नाही. त्या दिवशी मला आपल्याच माणसांची लाज वाटली.

५

काखेत कळसा अन् गावाला वळसा! पुरावा माझ्याच खणात पडून होता आणि मी मुरबाडला जीपा बदलत होते.

दुकानात येऊन खण उघडला. रत्नदीपनं परत केलेला एलसीडी आणि लाल आकडे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. शेवटी ती पेटी. आणि माझाच प्रश्न मी मला विचारला: बघणार कोण?

गणपतीत अक्षरं बारीक पडत होती. दिवाळीनंतर बोटभर आकडेही दिसेनात. जानेवारीत डिस्प्लेच नको. रत्नदीपची धरसोड नव्हती ती. बघणाऱ्याचे डोळे जात होते, आणि तो महिन्यामहिन्याला त्यांच्या मागं धावत होता. आणि मी त्याची टिंगल करत होते.

दुसरा प्रश्न, हात कोणाचा? उजव्या हातात जड काही धरून चालणाऱ्याचा, म्हणून चाप डावीकडं. बोटांना कामानं इतके घट्टे पडलेले की छोटी बटणं कळणार नाहीत, म्हणून मोठं बटण आणि खाच. बझर नाही, कारण या माणसाचे कान मोकळे राहायला हवे होते. पुढून-मागून काय येतंय ते त्याला ऐकावं लागत होतं.

सकाळी सहा ते नऊ, खर्डीच्या रुळाशेजारून, हातोडा घेऊन कोण चालतं? तिथं तीस वर्षं एकच माणूस चालत होता. रुळाच्या सुटलेल्या चाव्या ठोकत जाणारा चावीवाला.

रत्नदीपचा बाप, बुधाजी.

आणि तो माणूस अजून रोज ड्युटीवर जात होता. पेटी कणगीत टाकून! मी शटर ओढलं आणि खर्डीला जायला स्टेशनची रिक्षा केली.

६

"जय भीम, भाऊ."

"जय भीम. कोन?" बुधाजी ओसरीवर बसले होते. मी चार हातांवर, उन्हात उभी होते.

"वंदना. शहापूरची."

"या, या. नीट दिसलं नाय उन्हामुळं."

ऊन माझ्या तोंडावर होतं, त्यांच्या डोळ्यांवर नव्हे. आत रत्नदीपच्या फोटोला हार होता. चिमाबाई पाणी घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघत दारातच थांबल्या.

मी प्रश्नबिश्न काही विचारला नाही. पिशवीतून पेटी काढली आणि त्यांच्या डाव्या हातात ठेवली. त्यांनी मान खाली केली नाही. अंगठा मात्र सरळ त्या खिडकीत जाऊन बसला. घरातल्या अंधारात कडीवर हात जावा तसा.

चिमाबाईंनी ते पाहिलं. तांब्या खाली ठेवला.

"तुमी दडवलीत?" त्या म्हणाल्या. "तुमची हाय ही?"

बुधाजींनी मान खाली घातली. पेटी मात्र घट्ट धरून होते.

"काचबिंदू," ते म्हणाले. "दीड वरीस झालं. रिटायर व्हायाला एक वरीस ऱ्हायलंय. डोळ्यांची मेडिकल झाली तर हातोडा काढून घेतील, कुठंतरी पानी भराया बसवतील. तीस वर्सं रूळ सांभाळला, मला लाज वाटली. फकस्त पोराला कळलं. तो रोज माज्याफुडं चालायचा. गाडी आली की हात धरून बाजूला घ्यायचा. हिला सांगायचा, पळायला जातो."

"आणि त्या दिवशी?"

"बोलला, बाबा, आज मी मागं ऱ्हातो, तुमी एकले चाला. पेटी सांगंल. त्याला लगीन करायचं व्हतं ना. मला बी वाटलं, पोर मोकळा होऊ दे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "दुसऱ्या लायनीवरून लोकल धडधडत गेली. त्या आवाजात मागची मालगाडी मला ऐकू आली नाय. पेटी हलली नाय. मालगाडीला टायमटेबल कुठं असतं? तीस वर्सं कानावर जगलो ताई, आन् त्या दिवशी पेटीवर इस्वास ठेवला. त्यानं धावत येऊन मला ढकलला. मी खडीत पडलो. तो नाय पडला."

चिमाबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

"मी रुळावरच्या गँगमनना सांगितलं, मी लांब व्हतो. खरं बोललो असतो तर इचारलं असतं, तू का नाय बगितलंस? लोक बोलाया लागले, पोरानं जीव दिला. मी बोलू दिलं. त्या पोरीला शिव्या घातल्या, तेबी ऐकून घेतलं." त्यांनी पेटी चाचपली. "पेटी कणगीत टाकली. आता बिनपेटीचा चालतो. येऊ दे गाडी, कधी यायची ती."

"आन् मी?" चिमाबाई एकदम ओरडल्या. "पोर तुमच्यापायी मेला, आन् तुमी त्याचं मरन फुकट घालवनार? मी फाटकावर भाकर घेऊन कोनाची वाट बगू?"

त्या उठल्या, कोपऱ्यातला हातोडा उचलला आणि त्यांच्या पायांशी ठेवला. "उद्याला साहेबापुढं ठेवा. मी येते संगं. तिथून मुरबाडला जायचं. त्या पोरीच्या दारात जाऊन तुमच्या तोंडानं सांगायचं, तिची काय चूक नाय म्हनून."

बुधाजींनी मान हलवली. मग ते रडले. म्हातारा माणूस एवढ्या मोठ्यानं रडताना मी पाहिला नव्हता. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू?

निघताना एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. "भाऊ, एक कोडं सुटलं नाही. सगळ्या वेळा गाड्यांच्या आहेत. नऊ दहाला मात्र कुठलीच गाडी नाही, तरी पेटी थरथरते. ती कोणती?"

बुधाजी म्हणाले, "मला नाय म्हाईत. त्या दिवशी नऊ वाजलेच नाय."

चिमाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती गाडी नाय ताई. नऊ धाला फाटकावर मी असते."

बुधाजींनी त्यांच्या आवाजाकडं मान वळवली.

"दोनदा तसेच पुढं गेले म्हनून मी घरी येऊन रडले व्हते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, राग हाय. पोरानं बगितलं असंल मला रडताना."

त्यांनी बुधाजींच्या हातातून पेटी घेतली, अंगठा खिडकीत ठेवून बघितला. ट्यूबवरून दोनदा फिरवला. डिस्प्लेचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"ह्याचा सेल किती दिवस जातो ताई?"

"घड्याळाचा वर्षभर. मोटरचा दोनेक महिने."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पेटी पदरात गुंडाळली. "संपला की मी येते दुकानावर."